‘पक्षपात’, ‘झुकतं माप’ की ‘अनुल्लेख’? टीव्हीवरच्या प्रचार-बातम्यांसाठी नेमका शब्द

निपाणीकर : नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातर्फे नवमतदारांसाठी एक छोटी पुस्तिका करतोय. त्यात एक प्रकरण टीव्हीवरच्या प्रचाराच्या बातम्यांवर आहे. ‘मीडिया बायस’ला मराठीत काय म्हणायचं, यावर आमचं एकमत होईना. मसुद्यात मी सगळीकडे ‘पक्षपात’ लिहिलंय. एकाला ‘पूर्वग्रह’ हवा, दुसऱ्याला ‘कल’ बरा वाटतो. आपल्याकडे बेळगावच्या सीमाभागात एकाच घरात संध्याकाळी मुंबईची मराठी वाहिनी लागते, बंगळूरची कन्नड लागते आणि दिल्लीची हिंदीही लागते. तिन्हींबद्दल लोक कुरकुरतात, पण तिन्हींबद्दलची तक्रार एकच नाही असं मला वाटतं. मग शब्द तरी एक कसा पुरेल?

शहापूरकर : पुरणार नाही. ‘पक्षपात’पासून सुरुवात करू. पक्ष म्हणजे बाजू, पात म्हणजे पडणं. जो मध्ये उभा राहायला हवा तोच एका बाजूला पडला, की पक्षपात. म्हणजे या शब्दात कुणीतरी निवाडा करणारा गृहीत धरलेला आहे : पंच, परीक्षक, न्यायाधीश. चर्चेत पाच जणांना बोलावणारा निवेदक त्या पंचाच्या जागी बसलेला असतो. त्यानं एकाला वाक्य पुरं करू दिलं आणि दुसऱ्याचा आवाज मध्येच बंद केला, तर ‘पक्षपात’ अगदी चपखल. कन्नडमध्येही हाच शब्द याच अर्थानं आहे, त्यामुळे शेजारच्या कन्नड माणसाशी बोलतानाही अडत नाही.

‘पूर्वग्रह’ वेगळा. तो मनात आधीच घर करून असतो आणि तो बाळगणाऱ्याला स्वतःलाही कळलेला नसतो. बातम्यांत तो क्रियापदांतून दिसतो. एका नेत्यानं ‘स्पष्ट केलं’, दुसऱ्यानं ‘दावा केला’. एका पक्षाचे कार्यकर्ते ‘आक्रमक झाले’, दुसऱ्याच्या कार्यकर्त्यांनी ‘गोंधळ घातला’. प्रसंग तोच, माणसंही तेवढीच. पुस्तिकेत या क्रियापदांना निदान एक अख्खं पान द्या, कारण नवमतदाराला स्वतः तपासून बघता येईल अशी हीच गोष्ट आहे.

तिसरा ‘झुकतं माप’. हा मुळात चांगल्या अर्थाचा शब्द. दुकानदार मालाचं पारडं जरा खाली जाऊ देतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. बातम्यांत तो वेळेला लावावा. एकाची सभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट आणि दुसऱ्याच्या सभेचे दहा सेकंद, हे झुकतं माप. इथे हेतूवर वाद घालायची गरज नाही, मिनिटं मोजता येतात.

भालकीकर : आमच्या बिदरकडे सरळ ‘तरफदारी’ म्हणतात. ‘फलाण्याची तरफदारी करतो’ म्हटलं की शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही समजतं. पक्षपात हा लिहायचा शब्द, तरफदारी बोलायचा.

शहापूरकर : मान्य. शिवाय तरफदारी कुणाची ते सांगावंच लागतं, पक्षपात मोघम राहू शकतो. पुस्तिकेत तरफदारी हवाच.

खानापूरकर : ‘कल’ मात्र घेऊ नका. ‘कलणं’ हा सुंदर शब्द आहे. उन्हं कलतात, होडी कलते, माणसाचं मनही कलतं. पण मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून वाहिन्या ‘पहिले कल हाती’ म्हणत असतात. तिथे कल म्हणजे आघाडी-पिछाडी. ‘वाहिनीचा कल’ असं लिहिलंत तर पोरांना वाटेल, वाहिनीनं दाखवलेले मोजणीचे आकडे.

त्याला लागून ‘कौल’बद्दल बोलतो, कारण हा शब्द फार बेफिकिरीनं वापरला जातोय. मूळ अरबी, अर्थ बोल किंवा वचन. त्यातूनच कौलनामा आला. आमच्याकडे आणि खाली गोव्या-कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. त्यानंतर वाद संपला. ‘जनतेचा कौल’ या प्रयोगाला वजन आलं ते त्या अंतिमपणामुळे. गोव्यात 16 जानेवारी 1967 ला झाला तो ‘जनमत कौल’, आणि ते नाव रास्त होतं, कारण लोकांनी खरोखर मतं टाकली होती. आता मतदानाला महिना असताना कुठलीतरी पाहणी दाखवतात आणि खाली पट्टी येते : ‘जनतेचा कौल कुणाला?’ मतदान झालेलं नसताना कौल कुठून आला? ती ‘जनमत चाचणी’ म्हणा. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं असेल तर ‘मतदानोत्तर चाचणी’. अंदाजाला कौल म्हणणं हाच मला बातमीतला मोठा पक्षपात वाटतो, कारण त्यानं कुंपणावरच्या मतदाराला निकाल लागल्यासारखं वाटतं.

टिळकवाडीकर : मी कन्नड वाहिन्याही नियमित बघतो, म्हणून एका शब्दाची भर घालतो. महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचा, मोर्चा निघाला की खालच्या पट्टीवर हमखास ‘पुंडाटिके’ येतं. अर्थ गुंडगिरी, मवालीपणा. घोषणा देणाऱ्यांनाही तेच आणि दगड मारणाऱ्यालाही तेच. हा शब्द आपल्यालाही परका नाही. राजसत्तेला न जुमानणारा तो पुंड, ‘पुंड-पाळेगार’ ही जोडी आपल्या बखरींच्या भाषेतली, आणि त्यातला पाळेगार तर कन्नडमधूनच आलेला.

पण मग आपल्या मराठी वाहिन्यांकडेही त्याच नजरेनं बघू या. तिथे पट्टी असते ‘कानडी दडपशाही’, ‘कन्नडिगांची मुजोरी’. दगड मारतात काही माणसं आणि मुजोर ठरतो अख्खा समाज. ‘कानडी’ शब्द मराठीत पिढ्यान्‌पिढ्या साधेपणानं वापरला गेलाय, माझी आजी प्रेमानंच वापरायची. पण त्याला ‘दडपशाही’ जोडलं की तो साधा राहत नाही. माझ्या गल्लीत निम्मी घरं कन्नड आहेत. 6 डिसेंबर 2022 ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, त्या संध्याकाळी दोन्हीकडच्या वाहिन्या लावल्या तर दोन वेगळ्या गावांच्या बातम्या वाटाव्यात. या प्रकाराला ‘पक्षपात’ फार सौम्य आहे. मी त्याला ‘चिथावणी’ म्हणेन.

शहापूरकर : ‘चिथावणी’ला पाठिंबा. मात्र ‘बेळगाव’ म्हणणं की ‘बेळगावी’, हे त्या यादीत घालू नका. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे, पण मराठीत बोलताना बेळगाव म्हणणं ही भाषेची रीत आहे. त्यावरून कुणाला पक्षपाती ठरवू नये, कन्नड निवेदकालाही नाही आणि मराठीलाही नाही.

खानापूरकर : निपाणीकर, तुमच्या यादीत मुख्य शब्द राहिलाच. आमची खरी तक्रार ‘आमच्याविरुद्ध बोलतात’ ही नाहीच. आमच्याबद्दल बोलतच नाहीत, ही आहे. मराठीत त्याला ‘अनुल्लेखानं मारणं’ म्हणतात.

2023 च्या विधानसभा प्रचारात देवेंद्र फडणवीस भाजपसाठी बेळगावात आले, संजय राऊत समितीसाठी आले. मराठी वाहिन्यांचे कॅमेरे त्यांच्यामागे आले आणि त्यांच्यामागेच परत गेले. आमच्या तालुक्यात उमेदवार कोण, जंगलपट्ट्यातल्या गावांचे रस्ते, मराठी शाळांतले शिक्षक, सरकारी कागद मराठीत मिळण्याचा प्रश्न, यांवर कुणी काय आश्वासन दिलं, हे ऐकायला मिळालं नाही. 2013 ला समितीचे दोन आमदार होते, खानापूर आणि बेळगाव दक्षिण. 2023 ला एकही नाही. हा बदल का झाला, मराठी मतदार राष्ट्रीय पक्षांकडे का वळला, हा चर्चेचा विषय होता. कन्नड वाहिन्यांनी आम्हाला उपद्रव म्हणून दाखवलं आणि मराठी वाहिन्यांनी पीडित म्हणून. मतदार म्हणून कुणीच दाखवलं नाही.

टिळकवाडीकर : खानापूरकर, व्यथा तीच माझीही. पण शब्दाबद्दल हरकत आहे. ‘अनुल्लेखानं मारणं’ यात मारण्याचा हेतू आहे. ओळखून, ठरवून नाव टाळलं तरच तो वाक्प्रचार लागू पडतो, एखाद्या समीक्षकानं प्रतिस्पर्ध्याचं पुस्तक वगळावं तसा. इथे तसं दिसत नाही. 7 मे 2024 आठवा. बेळगाव आणि चिक्कोडीचं मतदान त्या दिवशी होतं, त्याच दिवशी बारामतीचं आणि कोल्हापूरचंही. मराठी वाहिन्या दिवसभर बारामतीत होत्या. याला ‘दुर्लक्ष’ म्हणा.

शहापूरकर : ‘दुर्लक्ष’ आणि ‘अनुल्लेखानं मारणं’ यांच्यामध्ये एक शब्द आहे : ‘उपेक्षा’. दुर्लक्ष नकळत होतं. उपेक्षेत समोरचा दिसत असतो, पण मोजण्यासारखा वाटत नाही. मला इथे उपेक्षाच नेमका वाटतो, कारण इथे न मोजणं अक्षरशः खरं आहे. टीआरपी मोजताना बाजार पाडलेले असतात. महाराष्ट्र-गोवा एक, कर्नाटक वेगळा. मराठी वाहिनीची स्पर्धा आणि जाहिरात पहिल्या बाजारावर चालते. बेळगावातलं मराठी घर कर्नाटकाच्या बाजारात पडतं. तिथे तिची स्पर्धाच नाही. कन्नड वाहिनीला आपण कर्नाटकात असूनही भाषेमुळे तिचे प्रेक्षक वाटत नाही. असे आपण दोन्हीकडून गळतो. यात कुणाचा द्वेष असायची गरज नाही, आणि म्हणूनच ही उपेक्षा दूर करणं जास्त अवघड आहे.

सरकारी प्रसारणातही तेच होतं. 1998 पासून दूरदर्शन-आकाशवाणीवर पक्षांना प्रचारासाठी मोफत वेळ मिळतो, पण तो मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांनाच. आधीच्या निवडणुकीत मतं जास्त असतील तर वेळही जास्त. समिती मान्यताप्राप्त पक्ष नाही, अपक्षांचा तर प्रश्नच नाही. याला पक्षपात म्हणता येणार नाही, नियम सगळ्या देशाला एकच आहे. पण माप झुकतं आहेच.

निपाणीकर : फार मोलाचं मिळालं. आता प्रकरणाचं नावच बदलतो. एक विचारायचं होतं. मतदारानं तक्रार करायची तर यातला कुठला शब्द अर्जात चालतो?

शहापूरकर : शब्दावर बरंच अवलंबून आहे, म्हणून तर एवढं लिहिलं. पैसे घेऊन दाखवलेली बातमी असेल तर ‘पक्षपाती बातमी’ लिहू नका, ‘पेड न्यूज’च लिहा. निवडणूक आयोगाच्या कागदांत तोच शब्द आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन आणि देखरेख समिती असते. तिला पटलं तर निवडणूक निर्णय अधिकारी प्रसारणापासून 96 तासांत उमेदवाराला नोटीस काढतो, उमेदवारानं 48 तासांत उत्तर द्यायचं. शेवटी ती रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. आपल्या कर्नाटकात विधानसभेला खर्चाची मर्यादा 40 लाख आणि लोकसभेला 95 लाख आहे, त्यामुळे उमेदवार या नोटिशीला घाबरतो.

मतदान संपायच्या आधीच्या 48 तासांत टीव्हीवर प्रचार झाला, तर ते 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 चं उल्लंघन. तिथे ‘तरफदारी’चा विषय काढूच नका, तारीख आणि वेळ पुरे.

चिथावणीखोर पट्टी किंवा एकतर्फी चर्चा असेल तर आधी त्या वाहिनीकडेच लेखी तक्रार करायची, प्रसारणापासून सात दिवसांत. समाधान झालं नाही आणि वाहिनी सदस्य असेल, तर वृत्तवाहिन्यांच्या स्वयंनियमन प्राधिकरणाकडे, म्हणजे एनबीडीएसएकडे जाता येतं.

उपेक्षेची तक्रार मात्र यांतल्या कुठल्याच खिडकीवर घेतली जात नाही. न दाखवलेल्या बातमीला तारीख नाही, वेळ नाही, पट्टी नाही. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहा, नाहीतर पोरं चुकीच्या अर्जांत शक्ती घालवतील.

टिळकवाडीकर : एक पुरवणी. कन्नड वाहिनीबद्दल अर्ज करायचा तर पट्टीवरचे शब्द कन्नड लिपीतच जसेच्या तसे उतरवा आणि स्क्रीनचा फोटो जोडा. ‘पुंडाटिके’चं मराठी भाषांतर करून ‘गुंडगिरी’ लिहिलंत तर वाहिनी म्हणेल, हा शब्द आम्ही वापरलाच नाही. कन्नड मजकूर तपासून हवा असेल तर मला पाठवा, गल्लीतल्या कन्नड शिक्षकांकडून बघून घेतो. पुस्तिकेची कन्नड प्रतही काढावी, असं तेच परवा म्हणत होते.

निपाणीकर : काढू या. मसुदा रविवारी पाठवतो.