लहानपणी टीओएफचं (हृदयाच्या जन्मजात दोषाचं) ऑपरेशन, आता हृदयाचं पंपिंग कमी. झडप बदलावी का? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. धाकटी बहीण २६ वर्षांची. जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो (टीओएफ) होतं, तिसऱ्या वर्षी ओपन हार्ट झालं. मग शाळा, कॉलेज, नोकरी सगळं नीट चाललं आणि तपासण्या हळूहळू सुटल्या. गेल्या दिवाळीपासून मात्र दम लागतो. जिन्याच्या वळणावर ती मोबाईल बघायच्या निमित्ताने थांबते. आम्हाला कळतं, पण कोणी बोलत नाही.

इकोत फुफ्फुसाच्या झडपेतून रक्त खूप मागे येतंय असं दिसलं. उजव्या कप्प्याचं खरं माप एमआरआयवरच कळतं, म्हणून अहमदाबादला कार्डियाक एमआरआय केला. उजव्या कप्प्याचं आकारमान १७२ मिली प्रति चौरस मीटर, पंपिंग ३८ टक्के. डाव्या बाजूचं ४६. जुन्या डिस्चार्ज कार्डावर पुसटशा शाईत 'ट्रान्सअॅन्युलर पॅच' लिहिलेलं सापडलं. अरुंद वाट मोठी करायला झडपेच्या कड्यातूनच चीर देऊन पॅच शिवतात, मग झडप नीट मिटत नाही आणि उजवा कप्पा तेच रक्त वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा ढकलत राहतो, असं डॉक्टरांनी समजावलं.

आता दोन मतं आहेत. एक डॉक्टर म्हणतात, आकारमानाने १६० ची मर्यादा ओलांडली आहे, लगेच झडप बदला. दुसरे म्हणतात, दोन्ही बाजूंचं पंपिंग उतरलंय, ऑपरेशनवेळी हृदयाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन झेपायचं नाही, गोळ्यांवर ठेवा. घरात रोज हाच विषय, आणि आई तर जेवतही नाही धड.

पंपिंग चाळिशीच्या आसपास असताना कोणाची दुसऱ्यांदा छाती उघडली आहे का? नंतर आकडा सुधारला का? मांडीच्या शिरेतून झडप बसवतात, पण पॅचमुळे वाट फार रुंद असेल तर ती टिकते का? आणि धातूची झडप घेतली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर; तिला पुढे मूल हवंय, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय. आयुष्मान कार्डावर झडपेचा खर्च बसला का, तेही कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझ्या मिस्टरांचं अगदी हेच होतं, आम्ही मांजलपूरला असतो. उजव्याचं पंपिंग कमी असतानाच त्यांना टिश्यूची (धातूऐवजी जैविक ऊतींची) झडप बसवली. आयसीयूत जरा जास्त राहावं लागलं, पंपिंगला आधार द्यायची औषधं बरेच दिवस चालू होती. आकड्याचं म्हणाल तर फार वाढला नाही. पण कप्पा आकसला आणि माणूस पुन्हा जिने चढू लागला. आकडाच धरून बसला असता तर आमची निराशा झाली असती. टिश्यूची झडप काही वर्षांनी झिजते, हे मात्र मनात धरून चला.

डाव्या बाजूचं उतरलंय म्हणजे जोखीम वाढतेच, ते डॉक्टर उगाच घाबरवत नाहीत. पण कप्पा फार फुगला की झडप बदलूनही पूर्वपदावर येत नाही, म्हणून थांबायचं असेल तर किती आणि कशासाठी, हे त्यांना स्पष्ट विचारा. प्रौढ वयातले जन्मजात हृदयरोगी बघणाऱ्या टीमचंच मत घ्या, नेहमीचे बायपासवाले नकोत. ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याच्या लहरीची रुंदी, मिलिसेकंदात) किती? १८० च्या वर असेल तर ठोक्यांची गडबड होण्याचा धोका जास्त. होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावा. आणि ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडका दात राहिला तर नव्या झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो. आम्हाला हे भूल देणाऱ्या मॅडमनी सांगितलं.

मूळ धागालेखिका

खूप आभार ताई. क्यूआरएस १६४ आहे. होल्टर या आठवड्यात लावतो आणि दात तपासून घेतो. मांडीतून झडप बसवलेलं कोणी असेल तर कृपया लिहा, त्यावरच निर्णय अडला आहे.