राज्यशास्त्र घेऊ द्या, पण गाईडच्या भरवशावर नको

भाचीला बी.ए.ला राज्यशास्त्र घ्यायचंय आणि घरचे 'म्हणजे स्पर्धा परीक्षाच ना?' म्हणून कुरकुरतायत, असं तुम्ही लिहिलंय. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा असतो, त्यामुळे उपयोग होतोच. पण निव्वळ तेवढ्यासाठी पदवीची वर्षं घालवू नयेत.

खरी गंमत पुस्तकातलं कलम गावात कसं वागतं ते बघण्यात आहे. पंचायत राजला घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती सगळेच पाठ करतात, ग्रामसभेला मात्र कुणी फिरकत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात तिची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग मोजकी डोकी ठराव मंजूर करून मोकळी. लोकसहभागावर अख्खा प्रबंध होईल एवढा ऐवज या एका तरतुदीत आहे.

कॉलेज निवडताना ग्रंथालयात संविधान सभेच्या चर्चांचे खंड आहेत का, आणि ते कुणी बाहेर काढतं का, हे जरूर विचारा. (नेटवर फुकट आहेत म्हणा.) जोडीला संख्याशास्त्राचा एखादा पेपर मिळाला तर सोडू नका, निवडणूक सर्वेक्षणाच्या कामात त्यावाचून अडतं.