साथीचा तपास शिकवायचाय: आजारी नसलेल्यांनाही विचारायला हवं, हे कसं पटवावं?

नमस्कार. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. पावसाळ्याआधी आमच्या आरोग्यसेवक-सेविका, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशाताईंसाठी साथीच्या तपासाचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचंय.

गेल्या पावसाळ्यात एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. आमची माणसं घरोघरी फिरली, ओआरएस वाटलं, रात्र रात्र जागली. पण चौकशी झाली ती फक्त जुलाब होणाऱ्यांची. सगळे म्हणाले, "विहिरीचं पाणी पितो." लगेच विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली आणि पाण्याचा नमुना घेतला तो त्यानंतर! अर्थातच तो पिण्यायोग्य आला. धडधाकट माणसंही तेच पाणी पीत होती का, हे कुणी विचारलंच नव्हतं. साथ ओसरली, कारण सापडलं नाही. ते मला अजून टोचतं, कारण हे शिकवणं माझं काम होतं.

नमुना आधी, टीसीएल नंतर, हे एकदा सांगितलं की लक्षात राहतं. धडधाकटांना विचारण्याचं तसं नाही. "बऱ्या माणसाला कशाला त्रास?" असं सगळ्यांनाच वाटतं.

म्हणून ऑस्वेगोच्या जुन्या साथीवरचा सराव घ्यावा असं मनात आहे. १९४० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात चर्चमधल्या जेवणानंतर लोकांना उलट्या-जुलाब झाले. ७५ जणांना विचारलं, त्यांत ४६ आजारी होते. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. हा दुसरा आकडा आजारी नसलेल्यांना विचारल्याशिवाय मिळालाच नसता.

चर्चच्या जागी गावचा भंडारा आणि आइस्क्रीमच्या जागी बासुंदी घातली तर चालेल ना? तिथला दोष स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाचा होता, म्हणजे काही तासांतच उलट्या. बासुंदीला ते जुळतं असं मला वाटतं. आणि टक्केवारीला बिचकणाऱ्या आशाताईंना हा तक्ता कसा समजवावा? चिंचोके मांडून दाखवायचा विचार आहे.

दिल्लीच्या एनसीडीसीत (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) ईआयएस किंवा चेन्नईच्या एनआयईत (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था) एफईटीपी हे साथीच्या तपासाचं प्रशिक्षण केलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. तुमची दोन वर्षं आणि आमचा एक दिवस! लाइन लिस्ट (रुग्णांची तपशीलवार यादी), स्पॉट मॅप (रुग्ण कुठे कुठे आहेत याचा नकाशा), एपिडेमिक कर्व्ह (कधी किती जण आजारी पडले याचा आलेख) यांतलं एकच काहीतरी सोडायचं झालं, तर काय सोडाल?