मर्यादवेल जगत नाहीये, लवकर सांगा

पूर्णाकाठ: कोकणातून मर्यादवेलीचे (किनाऱ्यावर वाळूत पसरते ती वेल) तुकडे आणून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर लावले. पानं पिवळी पडून गळताहेत, खोड काळं पडतंय. पावसाळा तोंडावर आहे आणि धुरा दरवर्षी नाल्यात खचतो. गूगल करा म्हणू नका, तिथे सगळं समुद्रकिनाऱ्याचंच आहे.

रेतीवाला: माती कोणती? पाणी किती देता? तुकड्याला गाठी होत्या का? मुळं गाठीलाच फुटतात, नुसता शेंडा खोचला तर कुजतो.

वऱ्हाडीभाऊ: काहून एवढा खटाटोप भाऊ? नाल्याकाठी बेशरमाचं झुडूप हाय ना! फांदी फेकली तरी उगवते. दोघी आयपोमियाच, एकाच जातकुळीच्या.

शेळीपालक: बेशरम सुचवू नका. उन्हाळ्यात हिरवं काही नसलं की शेळ्या तेच खातात, मग मागच्या पायांनी लडखडतात. विष आहे ते. शिवाय नाला तुंबतो तो वेगळाच.

वऱ्हाडीभाऊ: आमच्या शेळ्या तर तोंड बी लावत नाही.

आजीचा_बटवा: मर्यादवेलीच्या पानांचा लेप जेलीफिश डसल्यावर लावतात. खूप गुणकारी!

वऱ्हाडीभाऊ: आमच्या विदर्भातल्या दर्यापुरात जेलीफिश सापडली की कळवतो.

पूर्णाकाठ: विषयावर या. माती काळी, खाऱ्या भूजलाचा खारपाणपट्टा आहे, हे काय सांगायचं? मीठ सोसते म्हणून तर हीच वेल निवडली. बोअरचं पाणी रोज देतो.

रेतीवाला: रोज?! अहो, मीठ सोसते म्हणजे चिखल सोसते असं नाही. वाळूत पाणी झरझर खाली जातं, मुळांना हवा मिळते. तुमच्याकडे सोडियममुळे माती भिजली की लगदा होते, निचरा शून्य. वाळली की भेगा, त्यात कोवळी मुळं तुटतात. पाणी आधी बंद करा.

कृषीमित्र: जिप्सम टाका. माती परीक्षण करून मगच.

रेतीवाला: धुऱ्यावर जिप्सम? तिथं पऱ्हाटी (कपाशी) घ्यायची आहे का त्यांना?

कृषीमित्र: चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या मातीवर उपाय तोच आहे, हसा हवं तर.

भटक्या: गुहागरला ही वेल पाहिली होती, शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं. फुलं बघायची तर सकाळीच जा, जांभळट गुलाबी असतात. तिथे घरगुती जेवण कुठे मिळेल?

शेळीपालक: धुरा धरायचा तर वाळा लावा. मुळं खोल सरळ जातात, आणि त्याला ओल चालते.

पूर्णाकाठ: वाळ्याची ठोंबं कुठे मिळतील? आणि धुरा अर्धा शेजाऱ्याचा आहे, तो काहीच लावू नको म्हणतो.

वऱ्हाडीभाऊ: मंग हे पयले सांगा लागत होतं न राजेहो! आधी मोजणी आणा.