मदत हवी आहे: अणुवीज केंद्रातल्या आणीबाणीच्या संपर्क साधनांना लॉगिन असावं का?

नमस्कार मंडळी,

इथे दूरसंपर्क, कारखाने, अग्निशमन, रुग्णालयं अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय. मी अमेरिकेत एका अणुवीज केंद्राच्या दूरसंपर्क विभागात आहे. केंद्राचं नाव आणि आतली मांडणी लिहिणार नाही, कृपया विचारूही नका. खाली जे आहे ते जाहीर नियमांत आणि अहवालांत कुणालाही वाचायला मिळेल.

आणीबाणीच्या संपर्क साधनांना कोणी, कधी आणि कशाने हात लावायचा, याचं नवं धोरण लिहायचंय आणि पहिला मसुदा माझ्याकडे आलाय. साधनं म्हणजे आवारातली घोषणा यंत्रणा, काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि राज्याच्या कक्षांशी जोडलेली थेट लाइन, अणु नियामक आयोगाचा स्वतंत्र फोन, सॅटेलाइट फोन, रेडिओ, सुट्टीवरच्या कर्मचाऱ्यांना एकदम बोलावून घेणारं सॉफ्टवेअर आणि बाहेर पाठवायचं सूचनापत्र ज्यावर भरतात तो संगणक. सायबर सुरक्षेचा गट म्हणतो, सगळ्याला प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन आणि कार्ड हवं, आणि थोडा वेळ कुणी हात लावला नाही की स्क्रीन आपोआप बंद व्हायला हवी. शिफ्ट मॅनेजर म्हणतात, कंट्रोल रूममधल्या आणीबाणीच्या कुठल्याच साधनाला पासवर्ड नको. दोघांचंही ऐकलं की दोघंही पटतात, आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

नियमाची बाजू आधी सांगतो. २००९ साली आलेल्या १० सीएफआर ७३.५४ या अमेरिकी संघीय नियमात रिअ‍ॅक्टरच्या सुरक्षेच्या संगणकांबरोबर आणीबाणीच्या तयारीची यंत्रणाही घेतली आहे, आणि ‘केंद्राबाहेरचा संपर्क’ हे शब्द त्यात स्पष्ट आहेत. म्हणजे ही साधनं सायबर संरक्षणाच्या कक्षेत येतात, यावर वाद नाही. दुसरीकडे घड्याळ आहे. आणीबाणी जाहीर केल्यापासून १५ मिनिटांत राज्य आणि काउंटीला कळवता आलं पाहिजे, आणि त्यानंतर लगेच, जास्तीत जास्त तासाभरात, आयोगाला. रात्रपाळीत हे काम मोजक्या माणसांवर असतं. शिफ्ट मॅनेजर निर्णय घेतो, एक जण सूचनापत्र भरतो, त्याच्यावर सही घेतो आणि फोनला बसतो. त्या १५ मिनिटांत पासवर्डची मुदत संपल्याचा निरोप स्क्रीनवर आला तर काय होईल, हे शिफ्टवाल्यांनी मला फार शांतपणे विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेले काही आठवडे मी जुन्या घटना वाचतोय. त्यातून एवढं कळलं की धोका दोन्ही बाजूंनी खरा आहे.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात, २८ मार्च १९७९. सकाळी सातच्या सुमाराला केंद्राने आयोगाच्या विभागीय कार्यालयाला फोन लावला, तो निरोप घेणाऱ्या सेवेकडे गेला. ड्यूटीवरचा अधिकारी वाटेत होता. पावणेआठला कार्यालय सुरू झाल्यावर तिथे पत्ता लागला. आज प्रत्येक केंद्रात आयोगाचा थेट फोन आहे तो या अनुभवानंतरच. तो फोन उचलायला पासवर्ड लागत नाही आणि लागूही नये, असं माझं ठाम मत आहे.

फुकुशिमा, ११ मार्च २०११. वीज गेली आणि आवारातले पीएचएस फोन (खिशातले बिनतारी फोन) निकामी झाले. कंट्रोल रूम आणि आणीबाणी कक्ष यांच्यात हॉटलाइन तेवढी उरली. आणीबाणीत सूत्रं हलवण्यासाठी ओकुमा गावात सुमारे पाच किलोमीटरवर बाहेरचं केंद्र बांधलेलं होतं, पण तिथलीही वीज आणि संपर्क कोलमडला. हे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न आला: आमच्या प्रस्तावातलं लॉगिन ज्या सर्व्हरवर तपासलं जाणार, तो वीज गेल्यावर कुठे असेल? सॅटेलाइट फोन जिवंत आणि त्याच्या कपाटाचं कार्ड-कुलूप मेलेलं, अशी अवस्था आली तर त्या फोनचा उपयोग काय?

आता उलट बाजू. १२ जानेवारी २०२०, रविवार, सकाळी ७:२३. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लोकांच्या फोनवर पिकरिंग अणुवीज केंद्रात घटना घडल्याचा इशारा आला. काहीही घडलेलं नव्हतं. प्रांताच्या आणीबाणी कक्षातल्या ड्यूटी अधिकाऱ्याला वाटलं की आपण सरावाच्या यंत्रणेत आहोत, आणि तो होता खऱ्या यंत्रणेत. इशारा मागे घेणारा दुसरा निरोप यायला १०८ मिनिटं लागली. टोरंटो भागातल्या माझ्या नातेवाइकांनी त्या सकाळी मुलांना उठवून गाडीत सामान भरलं होतं. अणुकेंद्राशेजारी राहणाऱ्या माणसाला असला इशारा एकदा खोटा ठरला, की पुढचा खरा इशारा तो किती विश्वासाने घेईल? मला हे सगळ्यात जास्त टोचतं.

त्याआधी १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेच्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा गेला आणि दुरुस्तीला ३८ मिनिटं लागली. राज्यपाल डेव्हिड इगे यांना दोनच मिनिटांत खरं काय ते समजलं होतं, पण आपल्या ट्विटर खात्याचं लॉगिन आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. म्हणजे एका बाजूला इशारा पाठवणं फार सोपं आणि दुसऱ्या बाजूला तो खोटा आहे हे सांगणं लॉगिनपाशी अडलेलं, हे दोन्ही एकाच सकाळी दिसलं. त्यानंतर तिथे एका माणसाऐवजी दोन माणसांनी मिळून इशारा पाठवायची पद्धत आली.

आणि ७ एप्रिल २०१७ च्या रात्री अमेरिकेतल्या डॅलस शहराचे आणीबाणीचे १५६ भोंगे कुणीतरी रेडिओ संकेत पाठवून वाजवले. तिथे लॉगिन फोडायची गरजच पडली नाही. आमच्याकडे लोकांसाठीचे भोंगे वाजवायचा निर्णय काउंटीचा असतो, केंद्र फक्त शिफारस करतं. तरी धडा लागू पडतो: स्क्रीनवर कितीही पासवर्ड लावा, रेडिओचा मार्ग उघडा असेल तर त्यांचा उपयोग नाही.

माझा सध्याचा विचार असा आहे. आत येणारी खबर आणि बाहेर जाणारा अधिकृत निरोप, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. धूर दिसला, कुणी पडलं, गळती दिसली तर आवारातल्या कुठल्याही माणसाला, अगदी कालच आलेल्या कंत्राटी कामगारालाही, कंट्रोल रूमला फोन लावता आला पाहिजे. तिथे कसलीही अडवणूक नको. बाहेरच्या निरोपावर मात्र नियंत्रण हवं, पण ते जागेचं आणि भूमिकेचं. कंट्रोल रूममध्ये माणूस पोचतो तो सशस्त्र पहाऱ्यातून, कार्ड आणि हाताची ओळख पटवूनच. त्याच्यावर पुन्हा तीच परीक्षा कशाला? शिवाय निरोपाची खातरजमा पलीकडच्या टोकाला होतेच. थेट लाइनवरून न आलेला फोन काउंटीवाले उलटा लावून तपासतात.

तर माझे प्रश्न: पाळीच्या भूमिकेचं एकच सामायिक खातं ठेवावं की प्रत्येकाचं वेगळं? कुलूप तोडून वापरायची सोय, म्हणजे सीलबंद पासवर्ड किंवा किल्ली, तुमच्याकडे प्रत्यक्षात कशी सांभाळली जाते? आणि निरोप मागे घ्यायचा अधिकार कुणाला दिलेला असतो?

प्रतिसाद (नेटवर्कवाला)

मी वीज वितरणाच्या नियंत्रण कक्षांत काम केलंय, अणुकेंद्रात नाही. तुमच्या सायबर गटाला एनआयएसटीचं, म्हणजे अमेरिकेच्या मानक संस्थेचं, ८००-८२ दाखवा. औद्योगिक नियंत्रणाच्या त्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की ज्या पडद्यावर ऑपरेटरला आणीबाणीत ताबडतोब काम करावं लागतं, तिथे आपोआप लॉक होणं योग्य नसेल तर त्याऐवजी दुसरे उपाय करावेत, उदाहरणार्थ ती जागाच पहाऱ्यात ठेवणं. म्हणजे शिफ्ट मॅनेजरांचं म्हणणं नियमाबाहेरचं नाही.

पण तुमच्या मांडणीत एक मोठी गोष्ट सुटली आहे. वापरणं आणि बदलणं हे दोन वेगळे अधिकार आहेत. घोषणा करायला पासवर्ड नसला तरी चालेल. निरोपांचे साचे, फोन नंबरांची यादी, कोणाला कोणत्या क्रमाने फोन जातो ते सेटिंग, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, याला मात्र कडक लॉगिन, दोन माणसं आणि नोंद, तिन्ही हवं. गुपचूप बदललेला एक नंबर खऱ्या रात्रीच कळतो. जानेवारी २००३ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात स्लॅमर वर्म (संगणकांतून आपोआप पसरणारं घातक सॉफ्टवेअर) शिरला तो कंत्राटदाराच्या जोडणीतून, फायरवॉलला वळसा घालून. सुरक्षेची परिमाणं दाखवणारा पडदा जवळजवळ पाच तास बंद होता. सुदैवाने रिअ‍ॅक्टर तेव्हा बंदच होता. तिथे कुणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. देखभालीसाठी बाहेरून येणारी प्रत्येक वाट शोधून काढा, खरं काम तिथे आहे.

प्रतिसाद (पालघरकर)

मी तारापूर एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. अणुकेंद्राच्या आतलं मला काही ठाऊक नाही, पण शेजारी म्हणून बाहेरच्या सरावांची पद्धत माहीत आहे. आपल्याकडे केंद्रापुरती, आवारापुरती आणि आवाराबाहेरची असे आणीबाणीचे तीन टप्पे असतात. बाहेरच्या टप्प्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि नियोजन १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांचं असतं. आवाराबाहेरच्या आणीबाणीचा सराव दर दोन वर्षांनी होतो.

किल्लीबद्दल सांगतो. आमच्याकडे पाळीप्रमुखाच्या टेबलाशेजारी काचेच्या पेटीत सीलबंद पाकीट असायचं. पाळी बदलताना येणारा आणि जाणारा दोघं मिळून सील बघायचे आणि सीलचा नंबर लॉगबुकात लिहून सह्या करायचे. पाकीट फोडलं तर का फोडलं हे नंतर लिहायचं, आधी परवानगी मागायची नाही. हे शेवटचं वाक्य धोरणात ठळक अक्षरांत लिहा. नाहीतर माणूस पेटीसमोर उभा राहून साहेबांना फोन लावत बसतो.

आणखी एक. सरावाच्या दिवशी नेहमीची हुशार माणसं बाजूला ठेवा. सुट्टीवरून आलेला, नवा, मास्क घातलेला माणूस ते साधन वापरू शकतो का ते पाहा. हातमोजे घालून बोटाचा ठसा लागत नाही, हे आम्हाला सरावातच समजलं.

प्रतिसाद (जुना ऑपरेटर)

सामायिक खात्याला माझा विरोध. रात्री कोणी काय पाठवलं हे उद्या कळलं नाही तर चौकशीत सगळ्यांवरच संशय येतो. आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाला सामायिक पासवर्ड पाठ असतो, तो काढून घेता येत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वापरणं आणि बदलणं वेगळं करायचा मुद्दा मी कालच मसुद्यात घेतला आणि दोन्ही गटांनी पहिल्यांदाच एकाच पानावर माना डोलावल्या. हातमोज्यांचा मुद्दाही घेतला. बोटाचा ठसा किंवा चेहरा लागेल असं कुठलंही साधन आणीबाणी कक्षात ठेवायचं नाही, असं लिहिलंय.

जुना ऑपरेटर, तुमचा आक्षेप मान्य. सामायिक पासवर्डऐवजी असं ठरतंय: कंट्रोल रूममधलं यंत्र पाळीच्या सुरुवातीला, शांत वेळी, त्या पाळीच्या माणसाने आपल्या कार्डाने उघडायचं, आणि पाळी संपेपर्यंत ते बंद होणार नाही. खोलीत कोण होतं ते दाराच्या नोंदीत आणि लॉगबुकात असतंच, फोनही रेकॉर्ड होतात. सर्व्हरशी संपर्क तुटला तर यंत्र उघडंच राहील. सरावाची यंत्रणा दुसऱ्या रंगाच्या पडद्यावर, वेगळ्या कार्डाने आणि वेगळ्या टेबलावर. ऑन्टारिओचं वाचल्यावर यावर मी अजिबात माघार घेणार नाही.

एक प्रश्न अजून सुटायचाय, त्यावर मत हवं आहे. चुकीचा निरोप गेला तर तो मागे घेण्यासाठी वरिष्ठांची सही लागावी असं कायदा विभागाला वाटतं. मला वाटतं, ज्याला पाठवायचा अधिकार त्यालाच ताबडतोब मागे घ्यायचाही अधिकार असावा, आणि मागे घेण्याचा मजकूर आधीच मंजूर करून साच्यात ठेवावा. पण मग कुणी दबावाखाली खरा इशाराच मागे घेतला तर? दोन माणसांची अट फक्त मागे घेण्यालाच लावावी का? रात्रपाळीत तेवढी माणसं मोकळी असतील का? ज्यांनी असं प्रत्यक्ष राबवलंय त्यांनी कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात मसुदा समितीपुढे जातोय.