डेटा सेंटरला शेतजमीन द्यावी का?

माळरान

ऑक्टोबर 2025 मध्ये गुगलने विशाखापट्टणमला एक गिगावॉटचं (हजार मेगावॉट वीज खाणारं) डेटा सेंटर जाहीर केलं. डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवायची इमारत. पाच वर्षांत 1500 कोटी डॉलर, जागा तर्लुवाडा, अडविवरम आणि रांबिल्ली. तर्लुवाड्याच्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला. आंध्र सरकार 22 हजार कोटींच्या सवलती देतंय म्हटल्यावर कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी टीका केली आणि सगळी चर्चा 'कुठलं राज्य जास्त सवलत देतं' यावरच घसरली. शेतकरी राहिले बाजूला.

हे आपल्याही दारात आलेलं आहे. देशातल्या डेटा सेंटरची निम्म्याहून जास्त क्षमता मुंबई-नवी मुंबईत आहे. आजवर ती बरीचशी ऐरोली, रबाळे, महापे अशा जुन्या एमआयडीसीच्या पट्ट्यात उभी राहिली, काही तर बंद पडलेल्या कारखान्यांच्या भूखंडांवर. त्याला माझा काडीचा विरोध नाही. पण आता ही मंडळी भूखंडावरून एकरांवर आली आहेत. डोंबिवलीजवळच्या पलाव्यात डेटा सेंटर पार्कसाठी लोढा समूहाने सरकारशी 30 हजार कोटींचा करार केला. उरण-पनवेल-पेणची 124 गावं 'तिसऱ्या मुंबई'साठी एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाकडे गेली आहेत. पुढचा नंबर तिथला लागणार, असा माझा अंदाज.

माझं म्हणणं सरळ आहे. या धंद्याला काळी माती लागत नाही. त्याला लागते वीज, फायबर आणि सपाट जागा. ती एमआयडीसीत आहे. मग पिकतं रान कशाला? तर शेतीची म्हणून नोंदलेली जमीन स्वस्त पडते म्हणून. कारखाना आला तर निदान गावातली पोरं कामाला लागतात, गेटसमोर टपऱ्या चालतात. इथे एकरामागे किती माणसं लागणार, ते आधी सांगा.

हिशेबी

यूपीआयने वडापावचे पैसे द्यायचे आणि सर्व्हर मात्र दुसऱ्याच्या गावात असावा, हे छान आहे. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा असं बजावलं. तो ढगात राहत नाही, त्याला इमारत लागते. समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईत वर येतात, शेअर बाजार इथे, बँका इथे. म्हणून सेंटरही इथेच येणार. आणि टीटीसीत, म्हणजे ऐरोली-महापेच्या त्या एमआयडीसी पट्ट्यात, सलग शंभर एकर कुठे शिल्लक आहेत ते दाखवा, मी स्वतः कंपन्यांना कळवतो.

पोल्डरवासी

मी नेदरलँड्समध्ये राहते. झेवोल्डेचं प्रकरण इथे दोन वर्षं गाजत होतं, म्हणून लिहिते. समुद्र हटवून काढलेली जमीन, उत्तम शेती, जेमतेम बावीस-तेवीस हजारांचं गाव. मेटाला तिथे 166 हेक्टरवर डेटा सेंटर हवं होतं आणि त्याला वर्षाला 138 कोटी युनिट वीज लागणार होती. गावाच्या परिषदेने डिसेंबर 2021 मध्ये 11 विरुद्ध 8 मतांनी मंजुरी दिली. मार्चमध्ये स्थानिक निवडणुका लागल्या, विरोध करणारा पक्ष सगळ्यात मोठा ठरला आणि त्याच महिन्यात मेटाने काम थांबवलं. जुलैत प्रकल्पच सोडला. मधल्या काळात देशाच्या सरकारने एवढ्या मोठ्या सेंटरवर नऊ महिन्यांची बंदी घातली. अपवाद ठेवला तो उत्तरेकडच्या दोनच भागांना, कारण तिथे आधीपासून अशी सेंटर होती.

त्यातला एक भाग म्हणजे मिडनमेरचा. तिथे मायक्रोसॉफ्टचं सेंटर आहे. नगरपालिकेने लोकांना सांगितलं होतं, वर्षाला 1.2 ते 2 कोटी लिटर पाणी लागेल. 2021 मध्ये लागलं 8.4 कोटी. शेजारी मोठं पवनऊर्जा केंद्र झालं तेव्हा इतक्या लाख घरांना वीज म्हणून जाहिरात झाली होती. ती वीज मायक्रोसॉफ्टने करार करून घेतली. लोक चिडले ते या दोन गोष्टींवर. जमीन नंतर.

हिशेबी

ताई, 8.4 कोटी लिटर ऐकायला खूप वाटतं. आपल्याकडे एक हेक्टर ऊस वर्षाला दोन-अडीच कोटी लिटर पितो. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या त्या अख्ख्या सेंटरने आठ-दहा एकर उसाएवढं पाणी वापरलं. सोलापुरात एवढा ऊस एकेका भावकीचा असतो आणि त्यावर कोणी चर्चा करत नाही.

झणझणीत

उसाचं नाव काढलंत. आता साखरसम्राट येतील तुमच्या मागे.

माळरान

मिडनमेरला वर्षातले बरेच दिवस बाहेरची थंड हवा फुकट मिळते. ऐरोलीत मे महिन्यात कुठून आणणार? एक मेगावॉट उष्णता फक्त पाण्याच्या बाष्पीभवनाने काढायची म्हटली तर दिवसाला साधारण 35 हजार लिटर उडून जातं. शंभर मेगावॉटला 35 लाख. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने ते साठ हजारांवर लोकांचं पाणी झालं. आणि ऊस पितो ते कालव्याचं. सेंटरला लागतं ते स्वच्छ, म्हणजे प्यायच्या पाण्याच्या रांगेतलं.

हिशेबी

ते 35 लाखही वर्षभर धरले तर सव्वाशे-दीडशे एकर ऊस. आणि प्यायचंच पाणी लागतं हे कोणी सांगितलं? नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणेत सांडपाणी आणखी एका टप्प्याने शुद्ध करून उद्योगांना द्यायचे प्रकल्प उभारलेत, रोज दोन-दोन कोटी लिटरचे. ते वापरायची अट घाला, विषय संपला.

रात्रपाळी

मी नवी मुंबईतल्या एका सेंटरमध्ये एचव्हीएसी, म्हणजे एसी-कूलिंगचा, टेक्निशियन आहे. कंपनीचं नाव नको. दोघांनाही थोडं सांगतो.

सगळी सेंटर पाणी उडवत नाहीत. एअर-कूल्ड चिलर (पाण्याऐवजी हवेवर उष्णता सोडणारं कूलिंग यंत्र) असेल तर पाणी जवळपास शून्य, पण मग वीज जास्त. पाणी वाचवलं की वीज वाढते, वीज वाचवली की पाणी. मालकाला जे स्वस्त पडतं ते तो निवडतो. त्यामुळे 'आमचं सेंटर पाणी वापरत नाही' असं कोणी म्हणालं की लगेच वीज किती ते विचारायचं.

माणसांचं म्हणाल तर बांधकाम चालू असताना हजारभर लोक असतात, बहुतेक बाहेरच्या राज्यांतले. चालू झाल्यावर रात्री आमच्या इमारतीत बीएमएसवर (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणारा संगणक) एक जण, इलेक्ट्रिकलचे दोघं, मी, माझा हेल्पर आणि सिक्युरिटी. क्लायंटचा माणूस आला तर आला. पण पगार वेळेवर होतो, पीएफ कापला जातो, आयटीआय केलेल्या पोराला तीन-चार वर्षांत बरे दिवस येतात. मी स्वतः त्यातला. त्यामुळे 'नोकऱ्या नाहीत' हे पूर्ण खरं नाही. थोड्या आहेत, पण चांगल्या आहेत. गावातल्या पोरांना त्या मिळतात का, तर आमच्याकडे गावातले आहेत ते गेटवर.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर. ओळीने उभे असतात, वीज गेली की सगळे एकदम उठतात. नाही गेली तरी टेस्टिंगला चालवावे लागतातच. आवाज आणि धूर बघायचा असेल तर त्या दिवशी या. एमआयडीसीत शेजारी केमिकलची कंपनी असते, तिला फरक पडत नाही. शेजारी गाव असेल तर पडेल.

विजेचा_शॉक

पाण्यावर भांडून झालं असेल तर विजेकडे या. मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या थोडी वर. विशाखापट्टणमचं ते एक सेंटर पूर्ण भरलं तर एक हजार. म्हणजे पाव मुंबई, रात्रंदिवस, पंखे बंद करायची सोय नाही. आयर्लंडमध्ये 2023 साली मीटरवर मोजलेल्या विजेतली 21 टक्के डेटा सेंटरांनी वापरली, शहरी घरांनी मिळून 18 टक्के. डब्लिनभोवती सेंटरना नव्या जोडण्या जवळपास बंद कराव्या लागल्या. आपल्याकडे ट्रॉम्बेचा कोळशाचा संच बंद होईल म्हणून शेजारच्या माहुलचे लोक वाट बघत होते. मुदत पाच वर्षांनी पुढे गेली. सेंटर कुठे का बांधा, राख माहुललाच पडणार.

झणझणीत

एक बाळबोध शंका. एआयला शिकवायच्या सेंटरला मुंबईची केबल, शेअर बाजार यांची काय घाई? त्याचं उत्तर मिलिसेकंदाने उशिरा आलं तर कोणाचं काय जातं? मग ते न्या की लांब, जिथे वीज तयार होते तिथे. बँकेचं इथे ठेवा. सगळ्यांना एकच सातबारा कशाला?

उधाण

सगळं वाचलं. आता ज्याची जमीन आहे त्याचं ऐका.

मी पेणच्या खारेपाटातला. आमच्याकडे एकच पीक, भात. उधाणाला बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांड गेली (तो फुटला) की खारं पाणी आत शिरतं आणि मग काही वर्षं त्या शेतात काडी उगवत नाही. हेटवणे धरण आमच्या तालुक्यात, पाणी पाइपाने नवी मुंबईच्या सिडकोला, आमचे कालवे अर्धवट. माळरानसाहेब, तुम्ही 'पिकतं रान' म्हणता ते रान या असल्या हालात पिकतं. तुमच्या भावनेसाठी मी आणखी तीस वर्षं चिखल तुडवायचा का?

तरी मी विकायला बसलेलो नाही. सप्टेंबर 2008 मध्ये सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) आमच्या 22 गावांत मतदान झालं तेव्हा वडील रांगेत उभे होते आणि नको म्हणून शिक्का मारून आले. तेव्हा नको होतं कारण एकदा पैसे हातात ठेवून कायमचं बाहेर काढणार होते. जासई परिसरात 1984 मध्ये जमिनीच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत पदरात पडली, हे आमच्याकडे पोरालाही पाठ आहे.

आता माझा प्रश्न. सौर कृषी वाहिनी योजनेत सरकार शेतकऱ्याची जमीन भाड्याने घेतं. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दर वर्षी तीन टक्के वाढ, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर. सोलर पॅनेलला भाडं चालतं तर सर्व्हरला का चालत नाही? सर्व्हर तर पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त कमावतो.

माळरान

तुमच्यावर चिखल तुडवायची सक्ती कोणी करत नाही. पण कालवे पूर्ण करा ही मागणी सोडून भाडं घेऊया म्हणणं म्हणजे ज्यांनी पाणी पळवलं त्यांचंच काम सोपं करणं. आधी शेत मरू द्यायचं, मग पडीक म्हणून मागायचं. ही युक्ती जुनी आहे.

उधाण

कालव्यांची मागणी माझ्या वडिलांनी केली, मी केली, आता माझा पोरगा अर्ज लिहितो. तुम्ही कितव्या अर्जापर्यंत थांबला असता?

हिशेबी

भाड्याची कल्पना ऐकायला गोड आहे, पण व्यवहारात बसत नाही. हजारो कोटी गुंतवणाऱ्याला बँक कर्ज देताना जमिनीचे कागद बघते. भाड्याच्या जमिनीवर कोण देणार?

उधाण

एमआयडीसी कंपनीला भूखंड देते तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानेच ना? त्यावर बँका देतातच की कर्ज. तिथे घरमालक एमआयडीसी, इथे आम्ही. बँकेला नेमकं काय खुपतं?

हिशेबी

एमआयडीसी ही एक सही आहे. तुमच्याकडे शंभर एकरात दोनशे सातबारे, त्यात मुंबईला गेलेले भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, न झालेले फेरफार. कंपनी कोणाकोणाच्या दारात जाणार?

उधाण

साखर कारखान्याचे सभासद हजारोंनी असतात. सही एकाच चेअरमनची चालते.