मित्तराँचं उदाहरण अर्धंच

'फ्रान्सकडून शिका, तिथे नेत्याच्या घरात कोणी डोकावत नाही' असं काही जण सांगतात, ते तत्त्वतः पटतं. पण त्यासाठी फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांचं जे उदाहरण देतात, ते अर्धंच आहे. त्यांची विवाहबाह्य मुलगी माझारीन १९९४ पर्यंत लोकांपासून लपून राहिली ती काही नुसत्या पत्रकारांच्या सभ्यतेमुळे नाही. मायलेकी सरकारी घरात राहायच्या, पहारा सरकारी. शिवाय हे गुपित फोडीन म्हणणाऱ्या जाँ-एदर्न आलिए या लेखकाचे फोन राष्ट्राध्यक्षांच्या खास पथकाने चोरून ऐकले! त्या फोन टॅपिंग प्रकरणात २००५ साली पॅरिसच्या कोर्टाने काही जणांना दोषीही ठरवलं.

प्रेम कोणावर करावं हा त्यांचा प्रश्न, त्यात मला रस नाही. पण खर्च आणि हेरगिरी सरकारी म्हटल्यावर ते खासगी कसं राहिलं? (१९९६ मध्ये मित्तराँच्या अंत्यविधीला पत्नी आणि माझारीनची आई दोघी हजर होत्या, तो भाग मात्र फ्रेंचांनाच जमावा.)